तेवीस किलोंत आंधळगाव

रत्नाबाई गजभिये परदेशी चालली आहे, ही बातमी आंधळगावात पहिल्यांदा मीच फोडली. मला ती कोणी सांगितली नव्हती. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे, ती छातीएवढीच आहे आणि मी अंमळ उंच आहे, यात माझा काय दोष? पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. मी कपडे वाळत घालत होते, तर पलीकडे रत्नाबाई खाटेवर आरसा टेकवून, डोक्यावर रुंद काठाची गोल टोपी घालून मान डावीउजवीकडे फिरवून पाहत होती. सत्तावन्न वर्षांची बाई. आयुष्यभर उन्हातान्हात हातपंप खोलले, पण डोक्यावर पदराशिवाय काही घेतलं नाही.

मी विचारलं, "काय वो रत्नाबाई, पिक्चरमधी काम भेटलं का?"

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "भेटलं. तुह्यासाठी बी एक हाय."

"कायचं?"

"पालीचं. दिवसभर भिंतीवर राहाचं."

मग तिने सांगितलं. नागपूरच्या ज्या संस्थेने तिला तरुणपणी हातपंप दुरुस्ती शिकवली, तीच संस्था सहा जणांना युगांडाला पाठवत होती. तिथल्या खेड्यांतही आपल्यासारखाच हातपंप आहे. बिघडला की सहा-सहा महिने तसाच पडून राहतो आणि बाया कोसभर चालून तळ्याचं पाणी आणतात. तिथल्या वीस बायांना पंप खोलून दुरुस्त करायला शिकवायचं. दहा महिने राहायचं. राहणं-जेवणं त्यांचं, पगार नाही.

मी म्हटलं, "फुकटच काम कराचं हाय तं एवढ्या दूर कायले जाता? माह्या मोरीतला नळ गळून राहिला."

"तुह्या नळाचं वायसर माह्याजवळ हाय," ती म्हणाली. "तोंडाचं नाई."

दिवे लागेपर्यंत बसस्टँडवरच्या पानठेल्यापासून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत सगळ्यांना युगांडा माहीत झाला. मी फक्त तीन जणींना सांगितलं होतं.

आता ही रत्नाबाई कोण, ते सांगायला मला तीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा गावात नळ योजना नव्हती. होते ते हातपंप, आणि पंप बंद पडला की मिस्त्री यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. त्या संस्थेने मोहाडी तालुक्यातल्या बारा बाया निवडून त्यांच्या हाती पाने दिले. पाणी भरते बाई, तर पंप बिघडल्याची घाईही तिलाच असणार, असा त्यांचा हिशेब. बारापैकी अकरा जणी हळूहळू लेकराबाळांत, रोवणी-कापणीत परत गेल्या. रत्नाबाई राहिली. सायकलच्या मागे पान्यांची पिशवी बांधून ती आसपासच्या चाळीस गावांत हिंडली.

माझी तिची पहिली भेट झाली ती मे महिन्यात. माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष, पोटात सातवा महिना. आमच्या दारासमोरचा पंप आठ दिवस बंद होता आणि मी दोन घागरी घेऊन बोडीवर जात होते. बोडीतही पाणी कमी, चिखल जास्त. तशातच ही सायकलवरून उतरली.

माझ्या सासूबाई रुखमिणीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या आणि आमच्या आळीचं सरकार त्याच चालवत होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "मिस्त्री कुठी हाय?"

"मीच हाव मिस्त्री, माय."

"कोन्या घरची वं तू?"

रत्नाबाईने घर सांगितलं. बौद्धांची वस्ती तेव्हा गावाच्या त्या टोकाला होती. सासूबाई म्हणाल्या, "घागरी बाजूले करतो आमी. मंग लाव हात."

घागरी बाजूला झाल्या. रत्नाबाईने पंप खोलला, बाया-पोरांना दोर ओढायला लावून पाइप वर काढले, झिजलेलं चामड्याचं वायसर, म्हणजे वॉशर, बदललं, पुन्हा सगळं जोडलं. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग नितळ. लगेच सासूबाईंनी त्याच पंपाचं पाणी लोट्याने घेऊन त्याच पंपाच्या दांड्यावर पाच वेळा ओतलं. रत्नाबाई पाने पिशवीत भरत होती. तिने ते पाहिलं. म्हणाली, "बेस केलं, माय. वंगन सांडलं होतं माह्याकडून."

मग झाडाखाली बसून ती स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायली. चाळीस गावांना पाणी काढून देणारी ही बाई स्वतःचं पाणी घरून घेऊन निघायची.

आणि मी काय करत होते? मी पोटावर हात ठेवून दारात उभी होते. तिला चहा विचारला नाही. दोन वर्षांनी विचारला, तेव्हाही कप दिला तो कोनाड्यातला, वेगळा ठेवलेला. दुसऱ्यांच्या घरच्या भानगडी मी पदर खोचून सांगते, तर ही आमच्या घरचीही सांगायला हवी. पण त्या संध्याकाळी मला बोडीवर जावं लागलं नाही. त्यानंतरही नाही. माझी रुचिता पूर्ण दिवसांची, तीन किलोची झाली. दर वाढदिवसाला ती केक कापते तेव्हा मला तो पंप आठवतो, आणि मी ते कोणाला सांगत नाही, कारण लोकांना वाटतं मी चेष्टा करते आहे.

पुढे हे सगळं बदललं. केव्हा बदललं त्याची तारीख कोणाजवळ नाही. कोनाड्यातला कप एक दिवस फुटला आणि नवा कोणी ठेवला नाही, एवढंच. आठ वर्षांपूर्वी रत्नाबाईच्या मुलाने, अनुपने, आमच्या मागचा प्लॉट घेऊन घर बांधलं. तो नागपूरला वीज खात्यात आहे. रत्नाबाईचा नवरा त्याआधीच वारला होता. ती शेजारीण झाली तेव्हापासून आमच्यात भाज्यांच्या वाट्या, टोमणे आणि बातम्या यांची देवाणघेवाण चालू आहे. बातम्या जास्त माझ्याच बाजूने जातात. पाण्याची बाटली मात्र तिने सोडली नाही. माझ्या ओट्यावर बसली तरी बाटली सोबत. मी एकदा म्हटलं, "आमच्या माठात काय मगर हाय?" ती म्हणाली, "सवय हाय वं."

तर युगांडा. संस्थेने दोन पानांची यादी पाठवली होती. अनुप सुट्टीत आला तेव्हा ओट्यावर बसून ती वाचून दाखवत होता आणि मी, पाल, आपल्या जागेवर होते. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, टॉर्च, रेनकोट, पूर्ण बाह्यांचे कपडे. मग तो वाचू लागला, "तेथे उष्ण हवामान असते. सवय नसल्यास पहिले दहा दिवस दुपारी बाहेर पडू नये."

"किती राह्यते ऊन तिथं?" रत्नाबाईने विचारलं.

अनुपने मोबाइलमध्ये पाहिलं. "अठ्ठावीस. कधी तीस."

रत्नाबाई माझ्याकडे पाहू लागली आणि मी तिच्याकडे. मे महिन्यात आमच्याकडे सेहेचाळीस असतं. अठ्ठावीसवर आंधळगावात म्हातारे लोक कानाला मफलर बांधतात. "आई, मंग स्वेटर पन घेऊन जा," अनुप म्हणाला. मुलगा सरळ वाटतो, पण आईवर गेला आहे.

यादीच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की प्रत्येकाला एकच बॅग, वजन तेवीस किलो. विमानतळावरून पुढे एका जीपमध्ये सहा माणसं आणि सहा बॅगा जाणार, त्यामुळे जास्तीचे पैसे भरूनही जास्तीचं सामान चालणार नाही. आणि दुरुस्तीची हत्यारं ज्याची त्याने आणावी, तिथे मिळत नाहीत. ती हातातल्या पिशवीतून विमानात नेऊ देत नाहीत, म्हणजे बॅगेतच हवीत.

रत्नाबाईची हत्यारं साडेअकरा किलोंची. त्यातला एकटा मोठा पाइप पाना साडेतीन किलोंचा. त्याशिवाय जमिनीतले पाइप सुटत नाहीत, आणि पाइप सुटले नाहीत तर पंप म्हणजे रस्त्यातला खांब. या पान्याच्या दांड्यावर तिने सायकलची ट्यूब गुंडाळली आहे, तिच्या बोटांचे खळगे त्या ट्यूबवर पडले आहेत.

इथवर सगळं सोपं होतं. हत्यारं, सहा किलोंचे कपडे-गोळ्या-मच्छरदाणी, आणि झालं. पण गावाने मध्ये तोंड घातलं.

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली, पोरगा फौजेत निघाला की घराघरातून शिदोरी येते. विकतची चालत नाही. घरी केलेलं, कोरडं, बांधून, दारी नेऊन द्यायचं. सुतारांच्या सुनेने सुरुवात केली. तिने जवसाचे लाडू आणून दिले. मग तेल्यांकडून मुरमुऱ्यांचा चिवडा आला, ढिवरांच्या मोहल्ल्यातून तांदळाचे पापड, रत्नाबाईच्या भावकीतून मोहफुलाचे लाडू, सरपंचीणबाईंकडून शेव. शुक्रवारपर्यंत एकतीस पुडकी झाली. मी खारे शंकरपाळे केले. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि ऐंशीपार वयात स्वतः पाट्याशी बसून तिखट सुक्या चटणीचा डबा भरला. मी आत डोकावले तर म्हणाल्या, "तुह्या हातची मिळमिळीत होते."

रत्नाबाईने एकतीस पुडकी घरातल्या खाटेवर ओळीने मांडली. प्रत्येकावर पेनाने घराचं नाव लिहिलं. मुंग्या लागू नयेत म्हणून खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दिवसातून दोनदा ती खाटेजवळ उभी राहून नुसती पाहायची. मी खिडकीतून म्हटलं, "उबवून राहिल्या का? पिल्लं निघाले तं एक मले ठेवजा."

तिने उत्तर दिलं नाही. तीस वर्षांच्या ओळखीत रत्नाबाईने मला उलट उत्तर दिलं नाही असा हा पहिला दिवस. मी खिडकीतून मागे सरले. घरी येऊन भात टाकताना माझ्या लक्षात आलं की या गावाने तिला मजुरी दिली, चहा दिला, पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ दिलं. पण बांधून, दारी नेऊन दिलेली शिदोरी तिला आजवर कोणी दिली नव्हती. ती कधी कुठे गेलीच नव्हती, हे खरं. आणि गेली असती तर तेव्हा दिली असती का, हेही मला माहीत होतं.

सोमवारी निघायचं होतं. रविवारी सकाळी माझे यजमान वासुदेवराव वजनकाटा घेऊन रत्नाबाईच्या अंगणात गेले. ते तीस हंगाम धान खरेदीत मापारी होते. हलका धान कापणीला आला होता, काटा कालच पुसून ठेवला होता, हात शिवशिवत होते. त्यांनी आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवली, "चार किलो, भारी हाय" असं पुटपुटले आणि मग एकेक वस्तू भरायला सांगितली. मधूनमधून काटा पाहायचे, हात वर करायचे. शेवटी म्हणाले, "बस. तेवीस." लाल खडूने बॅगेवर मोठा आकडा घातला, खाली रेघ मारली. पुडकी सगळी मावली होती. रत्नाबाईचा चेहरा मी पाहिला. तिने बॅगेवरून हात फिरवला, जणू गाय घरी आणली आहे.

दुपारी चारला अनुप आला. अंगणात सगळी आळी जमली होती, कारण मी बोलावली होती. अनुपने बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग काट्यावर ठेवली आणि वाकून पाहिलं.

"काका, हे तं सत्तावीस हाय."

"हो," वासुदेवराव म्हणाले.

"तेवीस पाह्यजे."

"तेवीसच हाय. चार किलो बारदाना वजा."

अनुपला समजेना. वासुदेवरावांनी त्याला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "अरे, धान मोजतानी पोत्याचं वजन काढून टाकाचं राह्यते. पोतं काय माल हाय? तसंच हे. आतला माल तेवीस. बॅग बॅगेच्या घरी."

"काका, विमानवाले बॅगेसकट मोजते."

वासुदेवरावांनी आधी अनुपकडे, मग काट्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे बारदाना पन माल धरते? असं कसं? हे तं शेतकऱ्यावर अन्याव हाय."

मी म्हटलं, "अजी, इथं शेतकरी कोन हाय? रत्नाबाई विमानात धान विकाले नाई चालली."

लोक हसले, पण थोडंच. चार किलो कमी करायचे होते, आणि सकाळी सहाला गाडी निघणार होती.

रत्नाबाईने बॅग उघडली. आधी दोन साड्या काढल्या, मग रेनकोट. वासुदेवराव खाली मान घालून काटा पाहत होते. म्हणाले, "सव्वा किलो." मग तिने पाइप धरायचा लोखंडी शिकंजा काढून खाटेखाली सरकवला. कोणी काही विचारण्याच्या आत वायसरचं पुडकंही काढलं.

"हे काय करून राहिल्या?" मी म्हटलं.

"भेटन तिकडं."

"यादीत लिवलं हाय, नाई भेटत."

"तू कायले माह्या याद्या वाचतं?"

मला संशय आला. मी सरळ तिच्या घरात गेले, न विचारता, जशी नेहमी जाते. दाराच्या मागे खिळ्याला तो मोठा पाना टांगलेला होता. सायकलची ट्यूब, बोटांचे खळगे, सगळं जागच्या जागी. म्हणजे तो बॅगेत गेलाच नव्हता. सकाळी वजन जुळवताना तिने तो आधीच, कोणाला न सांगता, बाहेर ठेवला होता.

मी पाना दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला आणि अंगणात तिच्यासमोर ठेवला. "रत्नाबाई, याच्याबिगर पाइप कशानं खोलसान? दातानं?"

अनुप आईकडे पाहू लागला. "आई, पाना नाई घेतला?"

ती खाली बसली. हातात तेल्यांच्या चिवड्याचं पुडकं होतं. म्हणाली, "पाना तं माह्याजवळ तीस वर्साचा हाय. हे पहिल्यांदाच भेटलं."



मग एकेक जण पुढे सरकला. "आमचं काढून टाका, रत्नाबाई. शेवच तं हाय." "नाई, नाई, आमचे लाडूच काढा, भारी हायेत." सगळे मनापासून म्हणत होते आणि सगळे मनापासून वाट पाहत होते की तिने दुसऱ्या कोणाचं तरी काढावं. रत्नाबाई प्रत्येकाला "नाई" म्हणत होती. ज्या बाईने भर उन्हात तीन मिनिटांत कोणतं वायसर गेलं ते सांगावं, तिला एकतीसपैकी एक पुडकं निवडता येईना. आणि तिकडे वीस बाया या पान्याच्या भरवशावर बसल्या होत्या.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून काठीचा आवाज आला. सासूबाई पुढच्या दाराने चालत, वळसा घालून आल्या. आल्या त्या खाटेवरच बसल्या.

"काय होऊन राहिलं?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवढी अक्कल नाई तुमाले? एकेक मूठ घ्या साऱ्याइच्या घरची आन् एकच करा."

"एकच म्हंजे?" सुतारांच्या सुनेने विचारलं.

"म्हंजे एकच. मिसळा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. या बाईच्या घरात उपवासाचा झारा वेगळा, लोणच्याचा चमचा वेगळा, माझ्या माहेरच्या माणसांचं ताटसुद्धा काही वर्षं वेगळं होतं. लग्नकार्याची मोठी परात आमच्याच घरून आली, मीच आणली. रत्नाबाई परातीसमोर बसली. लाडू फोडून चुरा केला, पापड भाजून चुरले, शेव, मुरमुरे, शंकरपाळे. प्रत्येक घरची बाई आपलं पुडकं उघडून पुढे धरायची आणि रत्नाबाई त्यातून एक मूठ घ्यायची. घराचं नाव लिहिलेला कागद मात्र ती घडी करून बाजूला ठेवत होती.

शेवटी सासूबाईंनी चटणीचा डबा उघडून पुढे केला. "घाल हात."

रत्नाबाई थांबली. तिने आपले हात पाहिले. "हाताले ग्रीस हाय, माय. पाना धरला होता आता."

"मंग धु. कामिनी, पानी टाक तिच्या हातावर."

मी आमच्या माठातलं पाणी तांब्यात आणून टाकलं. खूप टाकलं. रत्नाबाई म्हणाली, "पुरे वं, आंघोळ नाई कराची." तिने हात पदराला पुसले आणि डब्यात घातले. सासूबाई तिच्या मुठीकडे बघत होत्या. "मोठी घे," त्या म्हणाल्या. "एवढ्याशानं काय होते."

उरलेली पुडकी त्याच अंगणात फोडली. चहा आमच्या घरून आला. सगळ्यांनी सगळ्यांच्या घरचं खाल्लं, आणि सरपंचीणबाईंची शेव आदल्या दिवाळीची निघाली, हे मला नाइलाजाने नमूद करावं लागतं.

मिसळलेला खाऊ कापडी पिशवीत भरला, दीड किलो झाला. कपडे, शिकंजा, वायसर, सगळं परत बॅगेत गेलं. पाना सगळ्यात खाली, मच्छरदाणीत गुंडाळून. वासुदेवरावांनी बॅग बारदान्यासकट काट्यावर ठेवली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. तेवीस किलो तीनशे ग्रॅम.

"तीनशे सोडून देते विमानवाले," कोणीतरी म्हणालं.

"मापात सोडासोड नाई," वासुदेवराव म्हणाले. सकाळची चूक त्यांच्या जिव्हारी लागली होती.

रत्नाबाईने बॅगेच्या कोपऱ्यातून ग्रीसचा लहान डबा काढला. यावेळी तिचा चेहरा साफ होता. "ग्रीस खरंच भेटते तिकडं. गाड्या हायेत तिथं." आणि डबा माझ्या हातात ठेवला. "तुह्या दारचा पंप. दर महिन्याले साखळीले लावजो. वरचं झाकन खोलाचं, बोटानं लावाचं. नळाची मोटर जळली का याच्यावरच येसान सारे."

"मले नाई येत."

"दारातून आन् भिंतीवरून तीस वर्सं पाहून राहिली. येते तुले."

बॅगेवरचा खडूचा आकडा वासुदेवरावांनी पुसला आणि पुन्हा लिहिला. आकडा तोच होता.

सकाळी सहाला गाडीत बसताना अनुपने सांगितलं की विमानतळावर बाटलीतलं पाणी आत नेऊ देत नाहीत, रिकामी बाटली चालते. रत्नाबाईने तिथेच बाटली उलटी केली. मग म्हणाली, "नागपूरवरी तहान लागन," आणि माझ्याकडे हात केला. मी तांब्या घेऊन आले. ती गाडीच्या दारात उभी राहून आमच्या माठाचं पाणी गटागटा प्यायली. "मगर नाई दिसली," म्हणाली, आणि बसली.

याला आता सात आठवडे झाले. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे लाल माती, केळीची झाडं, आपल्यासारखाच पंप, आणि पाच-सहा बाया. एकीच्या हातात तो पाना होता, ती दोन्ही पाय रोवून उभी होती. रत्नाबाईच्या डोक्यावर टोपी नव्हती, पदर होता.

तिने पहिला प्रश्न विचारला, "ग्रीस लावलं का?"

"लावलं." मी कॅमेऱ्यासमोर बोटं धरली. महिनाभराचं काळं अजून नखांत आहे, वासुदेवराव म्हणतात भाकरीला वंगणाचा वास येतो.

"साखळी कोरडी नको राहू देजो."

मागून सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाइल ओढला आणि कानाला लावला, म्हणून तिकडच्या बायांना बराच वेळ त्यांचा कान दिसला. "काय वं रत्ना, खाऊ संपला का?"

"थोडासा राहिला, माय. पंप चालू झाला का मूठ-मूठ वाटतो. या बायाइले लय आवडते. इचारते कोनाच्या घरचं हाय. म्या सांगतलं, आमच्या गावचं."

"माही चटनी लागते का त्याच्यात?"

तिकडून रत्नाबाई हसल्याचं ऐकू आलं. "माय, तुमचीच लागते. बाकी कोनाच्या घरचं काई समजतच नाई."

सासूबाईंनी मोबाइल माझ्याकडे दिला, काठी घेतली आणि ही गोष्ट सांगायला त्या स्वतः आळीत निघाल्या. बातमी दुसऱ्या कोणी फोडली असं या गावात फार कमी वेळा होतं. मी जाऊ दिलं. मला पंपाचं झाकण खोलायचं होतं.